फुकुशिमा दाइइचीचा पाठपुरावा कसा करावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पातील दुर्घटना ११ मार्च २०११ रोजी सुरू झाली. ती संपल्याची तारीख मात्र अजून कोणालाही सांगता येत नाही. जपान सरकार आणि प्रकल्पाची मालक असलेली टोक्यो इलेक्ट्रिक पॉवर कंपनी, म्हणजे टेप्को, यांच्या आराखड्यानुसार प्रकल्प मोडीत काढण्याचे काम २०४१ ते २०५१ या काळात पूर्ण व्हायचे आहे, आणि ते त्या मुदतीत होईल का याबद्दल जाणकारांमध्ये उघड शंका व्यक्त होत आली आहे. वर्धापनदिनापुरती बातमी न वाचता हा विषय वर्षानुवर्षे समजून घेण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी सुरुवात कोठून करावी आणि कोणत्या क्रमाने पुढे जावे, हे या लेखात सांगितले आहे. माझा आग्रह एकच आहे: या विषयातला कोणताही आकडा एकटा वाचू नये. तो कोठे मोजला, कधी मोजला, कशाने मोजला आणि कोणी मोजला, ही चार उत्तरे हाती आल्याशिवाय त्या आकड्यावरून घाबरूही नये आणि निश्चिंतही होऊ नये.

पायरी १: सहा अणुभट्ट्या वेगवेगळ्या ओळखा

बातम्यांमध्ये ‘फुकुशिमाची अणुभट्टी’ असा एकवचनी उल्लेख सर्रास होतो आणि नवख्या वाचकाचा गोंधळ तेथूनच सुरू होतो. या प्रकल्पात सहा अणुभट्ट्या होत्या. त्यांपैकी क्रमांक १ ते ४ ओकुमा गावाच्या हद्दीत आहेत, तर ५ आणि ६ शेजारच्या फुताबा गावाच्या हद्दीत आहेत. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा १, २ आणि ३ या अणुभट्ट्या वीज निर्माण करत होत्या. ४, ५ आणि ६ देखभालीसाठी बंद होत्या आणि ४ मधील सगळे इंधन गाभ्यातून काढून वरच्या मजल्यावरील साठवण तलावात ठेवलेले होते. चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या भूकंपाबरोबर आपोआप बंद झाल्या. बाहेरून येणारी वीज तुटली, डिझेल जनित्रे सुरू झाली, आणि सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामी येऊन थडकली. क्रमांक १ ते ४ समुद्रसपाटीपासून १० मीटर उंचीवर बांधलेल्या होत्या. तेथे पाणी १४ ते १५ मीटरपर्यंत चढले आणि खालच्या मजल्यांवरील जनित्रे व विद्युत फलक पाण्याखाली गेले.

अणुभट्टी बंद झाली तरी तिच्या इंधनातून उष्णता निघतच राहते, ही गोष्ट येथे नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातून घडले. वीज नसल्यामुळे थंड पाणी फिरवता येईना. क्रमांक १ चा गाभा काही तासांतच वितळू लागला. क्रमांक ३ मध्ये १३ मार्चला पाणीपुरवठा तुटला. क्रमांक २ मध्ये वाफेवर चालणारा पंप सुमारे तीन दिवस तग धरून होता, नंतर तोही थांबला. तापलेल्या इंधन-नळ्यांचा झिर्कोनियम हा धातू आणि वाफ यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन तयार झाला. त्याचा स्फोट १२ मार्चला क्रमांक १ मध्ये, १४ मार्चला क्रमांक ३ मध्ये आणि १५ मार्चला क्रमांक ४ मध्ये झाला. क्रमांक ४ मध्ये चालू इंधन नसताना स्फोट कसा झाला, हा प्रश्न प्रत्येक नवा वाचक विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे: क्रमांक ३ मधला हायड्रोजन दोघांना जोडणाऱ्या वायुनलिकेतून तिकडे गेला होता. क्रमांक २ मध्ये असा स्फोट झाला नाही, तिची इमारत आजही बाहेरून जवळपास शाबूत दिसते, पण किरणोत्सारी द्रव्याची मोठी गळती तिच्यातूनच झाली. क्रमांक ५ आणि ६ वाचल्या त्या क्रमांक ६ च्या हवेने थंड होणाऱ्या एका डिझेल जनित्रामुळे. ते पाण्यात बुडाले नाही आणि त्याची वीज दोघांना वाटून दिली गेली.

एक वही घ्यावी आणि प्रत्येक अणुभट्टीला स्वतंत्र पान द्यावे. पुढे येणारी प्रत्येक बातमी कोणत्या पानावर जाते हे आधी ठरवावे. ज्या बातमीत अणुभट्टीचा क्रमांकच नसेल, ती मूळ निवेदनात शोधल्याशिवाय वहीत घेऊ नये.

पायरी २: नकाशा समोर ठेवा

दाइइची म्हणजे पहिला प्रकल्प. त्याच्या दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरवर फुकुशिमा दाइनी हा दुसरा प्रकल्प आहे. दाइनीलाही त्सुनामीचा तडाखा बसला, पण तेथे गाभा वितळला नाही. फुकुशिमा हे प्रांताचेही नाव आहे आणि प्रकल्पापासून सुमारे ६० किलोमीटर दूर असलेल्या राजधानीच्या शहराचेही. प्रांताचे क्षेत्रफळ १३ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. त्यामुळे ‘फुकुशिमात किरणोत्सर्ग’ एवढेच सांगणाऱ्या वाक्यातून काहीच हाती लागत नाही.

नकाशावर प्रकल्पाभोवती ३, १० आणि २० किलोमीटरची वर्तुळे काढावीत. लोकांना हलवण्याचे आदेश पहिल्या दोन दिवसांत याच क्रमाने वाढत गेले. मग वायव्य दिशेला एक लांबट पट्टा काढावा. १५ मार्चला वारा त्या दिशेला वळला, पाऊस आणि बर्फ पडला, आणि हवेतले सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य त्या पट्ट्यातल्या डोंगरांवर व शेतांवर उतरले. इइताते हे गाव बहुतांशी ३० किलोमीटरच्या बाहेर असूनही त्याची अवस्था वर्तुळाच्या आतल्या अनेक जागांपेक्षा वाईट झाली, आणि तेथील लोकांना हलवण्याचा निर्णय मात्र एप्रिलच्या उत्तरार्धात झाला. नामिए गावचे अनेक रहिवासी तर किनाऱ्यापासून दूर म्हणून त्याच गावाच्या त्सुशिमा भागात आश्रयाला गेले, म्हणजे नेमके त्या पट्ट्यात. वाऱ्याबरोबर किरणोत्सारी द्रव्य कोठे जाईल याचे अंदाज देणारी संगणकीय यंत्रणा सरकारकडे होती, पण तिची माहिती या लोकांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही. हा तपशील मला आजही अस्वस्थ करतो. अधिकृत आकड्यांविषयी तेथल्या लोकांच्या मनात जो अविश्वास आहे, त्याचे एक मूळ येथे आहे, आणि ते माहीत नसेल तर पुढचे अनेक वाद अनाकलनीय वाटतात.

पायरी ३: एकके पाठ करा आणि एक गणित स्वतः सोडवा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. बेक्वेरेल हे एकक एखाद्या पदार्थात दर सेकंदाला किती अणूंचे विघटन होते ते सांगते. म्हणून माती आणि अन्न यांच्यासाठी ‘बेक्वेरेल प्रति किलो’ आणि पाण्यासाठी ‘बेक्वेरेल प्रति लिटर’ असे लिहिले जाते. सिव्हर्ट हे एकक माणसाच्या शरीरावर होणाऱ्या परिणामाची मात्रा सांगते. एक सिव्हर्ट म्हणजे हजार मिलिसिव्हर्ट आणि एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट. बातमीत ‘मिलि’च्या जागी ‘मायक्रो’ पडला की चूक हजार पटींची होते, आणि अशा चुका होत असतात. शिवाय ‘ताशी’ आणि ‘वार्षिक’ यांतला फरक कायम तपासावा.

आता गणित. जपानमध्ये किरणोत्सारी द्रव्य काढून टाकण्यासाठी जी जमीन-सफाईची मोहीम राबवली गेली, तिच्यासाठी ताशी ०.२३ मायक्रोसिव्हर्ट हा आकडा वापरला गेला आणि तो सगळीकडे दिसतो. तो आला कोठून? उद्दिष्ट होते दुर्घटनेमुळे पडणारी जादा मात्रा वर्षाला १ मिलिसिव्हर्टवर ठेवण्याचे. असे गृहीत धरले की माणूस दिवसाचे ८ तास बाहेर असतो आणि १६ तास लाकडी घरात असतो, आणि घरात बाहेरच्या ४० टक्के किरणोत्सर्ग पोहोचतो. म्हणजे घरातले १६ तास बाहेरच्या ६.४ तासांइतके झाले आणि दिवसाची बेरीज १४.४ तास आली. ताशी ०.१९ मायक्रोसिव्हर्टला १४.४ ने आणि मग ३६५ ने गुणले की सुमारे १,००० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे १ मिलिसिव्हर्ट येतो. त्यात जमिनीतून मुळातच येणारे ०.०४ मिळवले की ०.२३ तयार होतो. हेच सूत्र ताशी ३.८ मायक्रोसिव्हर्टला लावले तर वर्षाला २० मिलिसिव्हर्ट येतात, आणि लोकांना हलवण्यासाठी व परत येऊ देण्यासाठी सरकारने वापरलेली मर्यादा तीच आहे.

हे गणित एकदा कागदावर केले की दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की ०.२३ ही ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ यांच्यामधली निसर्गाने आखलेली रेषा नाही. ती एका गृहीतकातून आलेली आहे. दुसरी अशी, की ते गृहीतक सगळ्यांना सारखे लागू होत नाही: दिवसभर रानात काम करणाऱ्याची मात्रा सूत्रापेक्षा जास्त असू शकते आणि कार्यालयात बसणाऱ्याची कमी. तुलनेसाठी इतके लक्षात ठेवावे की नैसर्गिक स्रोतांमधून माणसाला मिळणाऱ्या मात्रेची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे.

यानंतर अर्धायुष्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य निम्मे होण्यास लागणारा काळ, लिहून ठेवावीत. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साचणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवस आहे, म्हणून थायरॉइडचा प्रश्न पहिल्या काही आठवड्यांचा होता. सीझियम-१३४ चे सुमारे २ वर्षे आणि सीझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षे आहे. दुर्घटनेत ही दोन्ही सीझियमे जवळपास सारख्या प्रमाणात बाहेर पडली. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत मोजमापे झपाट्याने उतरली, पण त्यातला मोठा वाटा सीझियम-१३४ च्या नैसर्गिक ऱ्हासाचा आणि पावसाने वाहून जाण्याचा होता. आता उरले आहे ते मुख्यतः सीझियम-१३७, आणि ते सावकाश कमी होईल.

कशाने मोजला, म्हणजे मोजणारे यंत्र कोणते, हा प्रश्न अनेकजण विसरतात. ऑगस्ट २०१३ मध्ये एका टाकीतून सुमारे ३०० टन दूषित पाणी गळले, तेव्हा आरंभी ताशी १०० मिलिसिव्हर्ट असा आकडा जाहीर झाला. प्रत्यक्षात ते यंत्र १०० च्या पुढे मोजूच शकत नव्हते. जास्त क्षमतेचे यंत्र नेल्यावर टाकीच्या तळाजवळ १,८०० नोंदले गेले. जगभर बातमी झाली ती किरणोत्सर्ग अठरा पटींनी वाढल्याची, जी खरी नव्हती; पण काठोकाठ भरलेला आकडा खरा म्हणून जाहीर करणे हीही गंभीर चूक होती. त्या १,८०० मध्ये बहुतांश बीटा किरण होते, जे थोड्या अंतरावर लक्षणीय कमी होतात. हे वाक्यही बहुतेक बातम्यांमध्ये नव्हते.

पायरी ४: प्रकल्पाची नियमित निवेदने वाचायला शिका

टेप्को रोजची मोजमापे प्रसिद्ध करते आणि सरकार व टेप्को मिळून दर महिन्याच्या अखेरीस कामाच्या प्रगतीचा आढावा देतात. नवख्याने मासिक आढाव्यापासून सुरुवात करावी. रोजच्या तक्त्यांत शिरण्याची घाई करू नये. सप्टेंबर २०१२ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक प्राधिकरणाच्या बैठका सार्वजनिक असतात आणि टेप्कोला अवघड प्रश्न विचारले जातात ते तेथे. मासिक आढावा आणि नियामकाचे आक्षेप शेजारी ठेवून वाचले की चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

रोजच्या तक्त्यांत तीन गोष्टी पाहाव्यात. अणुभट्टीचा गाभा असलेल्या पात्राच्या तळाचे तापमान ऋतूनुसार साधारण १५ ते ३५ अंशांत राहते. उन्हाळ्यात ते वाढले म्हणजे काही बिघडले असे नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे आत सोडला जाणारा नायट्रोजन, जो हायड्रोजनचा धोका दाबून ठेवतो. तिसरी म्हणजे झेनॉन-१३५ हा वायू. त्याचे अर्धायुष्य काही तासांचे असल्यामुळे तो वाढला तर आत नव्याने शृंखला-अभिक्रिया सुरू झाल्याचा तो इशारा ठरतो. नोव्हेंबर २०११ मध्ये क्रमांक २ मध्ये झेनॉन सापडला तेव्हा मोठी घबराट झाली; तपासाअंती तो क्युरियमच्या आपोआप होणाऱ्या विखंडनातून आल्याचा निष्कर्ष निघाला.

जपानी दस्तऐवजांत वर्षे बऱ्याचदा राजवटीनुसार दिलेली असतात. सध्याच्या रेइवा राजवटीच्या वर्षात २०१८ मिळवले की इसवी सन मिळते, म्हणजे रेइवा ५ हे २०२३. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते, त्यामुळे ‘२०२३ मधील’ आकडा कॅलेंडर वर्षाचा की आर्थिक वर्षाचा हे पाहावे.

पायरी ५: पाण्याचा हिशेब मांडा

सर्वांत जास्त वाद ज्यावर होतो आणि सर्वांत कमी लोकांना जो नीट माहीत असतो, तो विषय पाण्याचा. वितळलेल्या इंधनावर सतत पाणी सोडावे लागते. शिवाय डोंगराकडून समुद्राकडे वाहणारे भूजल आणि पावसाचे पाणी फुटलेल्या इमारतींच्या तळघरांत शिरते आणि तेही दूषित होते. मे २०१४ मध्ये असे दूषित पाणी दिवसाला सुमारे ५४० घनमीटर तयार होत होते. वरच्या बाजूच्या विहिरींतून भूजल उपसणे, जमीन फरसबंद करणे आणि इमारतींभोवती सुमारे दीड किलोमीटर लांब व ३० मीटर खोल अशी गोठवलेल्या मातीची भिंत उभारणे, या उपायांनी २०२३ च्या आर्थिक वर्षात ते सुमारे ८० घनमीटरवर आले.

हे पाणी आधी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम काढणाऱ्या यंत्रणांतून जाते आणि मग आल्प्स नावाच्या शुद्धीकरण यंत्रणेतून. ही यंत्रणा ६२ किरणोत्सारी द्रव्ये काढण्यासाठी उभारली आहे. ट्रिटियम मात्र ती काढू शकत नाही, कारण ट्रिटियम हा हायड्रोजनचाच प्रकार असून तो पाण्याच्या रेणूचाच भाग झालेला असतो. येथे दोन्ही बाजूंच्या प्रचारात एकेक गोष्ट गाळली जाते. ‘फक्त ट्रिटियम उरले आहे’ असे म्हणणारे हे सांगत नाहीत की टाक्यांमधील सुमारे ७० टक्के पाण्यात इतर द्रव्येही मर्यादेपेक्षा जास्त होती आणि ते सोडण्यापूर्वी पुन्हा शुद्ध करणे भाग होते. ‘विषारी पाणी जसेच्या तसे सोडले’ असे म्हणणारे ही पुन्हा शुद्ध करण्याची अट सांगत नाहीत.

पाणी समुद्रात सोडण्याचा निर्णय सरकारने एप्रिल २०२१ मध्ये घेतला, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला आणि २४ ऑगस्ट २०२३ रोजी पाणी सोडण्यास सुरुवात झाली. त्याच दिवशी चीनने जपानी सागरी अन्नाची आयात थांबवली. पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून ट्रिटियमचे प्रमाण लिटरमागे १,५०० बेक्वेरेलच्या खाली आणले जाते आणि किनाऱ्यापासून सुमारे एक किलोमीटरवर बोगद्यातून सोडले जाते. जपानची कायदेशीर मर्यादा लिटरमागे ६०,००० बेक्वेरेल आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्यासाठीचा मार्गदर्शक आकडा १०,००० आहे. वर्षभरात सोडायच्या ट्रिटियमची मर्यादा २२ लाख कोटी बेक्वेरेल ठेवली आहे.

या शून्यांनी गांगरून न जाता पहिल्या खेपेचा हिशेब स्वतः करून पाहावा. सुमारे ७,८०० घनमीटर म्हणजे ७८ लाख लिटर पाणी, आणि मिसळण्यापूर्वी लिटरमागे सुमारे १ लाख ४० हजार बेक्वेरेल ट्रिटियम. गुणाकार सुमारे १.१ लाख कोटी येतो, म्हणजे वार्षिक मर्यादेचा विसावा भाग. पुढच्या प्रत्येक खेपेचे हेच दोन आकडे जाहीर होतात; ते वहीत उतरवत गेले की वर्षाची बेरीज आपली आपल्याला करता येते. समुद्रातल्या मोजमापांत सोडण्याच्या जागेजवळ ३५० बेक्वेरेलला चौकशी आणि ७०० ला सोडणे थांबवणे, असे टेप्कोने ठरवलेले टप्पे आहेत. तक्त्यात ‘आढळले नाही’ असे दिसले की शेजारची शोध-मर्यादा वाचावी. दहा बेक्वेरेलच्या खाली न मोजणाऱ्या झटपट चाचणीतले ‘आढळले नाही’ आणि ०.१ पर्यंत मोजणाऱ्या सावकाश चाचणीतले ‘आढळले नाही’ ही दोन पूर्णपणे वेगळी विधाने आहेत.

विज्ञानाच्या हिशेबाने हे पाणी सोडणे मला मान्य होण्यासारखे वाटते. तरीही मच्छीमारांच्या विरोधाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. संबंधितांची समजूत पटल्याशिवाय पाण्याची विल्हेवाट लावणार नाही, असे आश्वासन सरकार आणि टेप्को यांनी २०१५ मध्ये फुकुशिमाच्या मच्छीमार संघटनेला लेखी दिले होते.

पायरी ६: इंधनाचे दोन प्रकार वेगळे ठेवा

साठवण तलावांतील वापरलेले इंधन आणि गाभ्यातून वितळून खाली साचलेले इंधन यांची सरमिसळ करू नये. पहिल्या प्रकारच्या कामात खरी प्रगती झाली आहे: क्रमांक ४ च्या तलावातील इंधन-नळ्यांचे सर्व १,५३५ जुडगे डिसेंबर २०१४ पर्यंत आणि क्रमांक ३ मधील ५६६ जुडगे फेब्रुवारी २०२१ पर्यंत बाहेर काढले गेले. क्रमांक १ मध्ये ३९२ आणि क्रमांक २ मध्ये ६१५ जुडग्यांचे काम त्यानंतरच्या टप्प्यासाठी राहिले.

दुसरा प्रकार फार अवघड आहे. तिन्ही अणुभट्ट्यांत मिळून वितळलेले इंधन आणि त्यात मिसळलेले धातू व काँक्रीट सुमारे ८८० टन असावे, असा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्रमांक २ मधून पहिला नमुना बाहेर आला, तो एक ग्रॅमही नव्हता: सुमारे ०.७ ग्रॅम. एप्रिल २०२५ मध्ये दुसरा आला, सुमारे ०.२ ग्रॅमचा. या कामाचा पहिला प्रयत्न ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवावा लागला होता, कारण उपकरण आत ढकलणारे नळ चुकीच्या क्रमाने लावले गेले होते. जुलै २०२५ मध्ये टेप्कोने सांगितले की क्रमांक ३ मधून मोठ्या प्रमाणावर इंधन काढण्यास २०३७ किंवा त्यानंतरच सुरुवात होऊ शकेल. ८८० टन आणि एक ग्रॅमपेक्षा कमी हे दोन आकडे शेजारी लिहावेत आणि मग २०५१ या मुदतीकडे पाहावे.

पायरी ७: अन्न, माती आणि आरोग्य

अन्नासाठी एप्रिल २०१२ पासून जपानची मर्यादा किलोमागे १०० बेक्वेरेल सीझियम अशी आहे. दूध आणि बालकांच्या अन्नासाठी ५० आणि पिण्याच्या पाण्यासाठी १०. मासळीच्या बातमीत मासा कोठे पकडला ते आधी पाहावे. २०२३ मध्ये किलोमागे १८,००० बेक्वेरेल सीझियम आढळलेला मासा प्रकल्पाच्या स्वतःच्या बंदिस्त धक्क्याच्या आतला होता. बाजारात जाणारी मासळी तेथून येत नाही. तो आकडा धक्क्यातल्या गाळाची अवस्था सांगतो आणि त्या अर्थाने महत्त्वाचा आहे. रानातील अळंबी आणि रानडुकराचे मांस यांत मात्र सीझियम दीर्घकाळ राहते, कारण जंगलांची सफाई जवळपास झालेलीच नाही.

शेते आणि अंगणे खरवडून काढलेली माती ओकुमा आणि फुताबा येथील तात्पुरत्या साठवण क्षेत्रात ठेवली आहे. मार्च २०४५ पर्यंत ती फुकुशिमा प्रांताबाहेर कायमची हलवायची, असे कायद्यात लिहिले आहे. ज्यांनी त्यासाठी आपल्या जमिनी दिल्या, त्यांच्यासाठी ही तारीख म्हणजे करार आहे, म्हणून ती वहीच्या पहिल्या पानावर असावी.

आरोग्याच्या प्रश्नावर बोलताना घाई करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग-परिणाम अभ्यास समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सर्गामुळे झालेले दुष्परिणाम नोंदले गेलेले नाहीत, आणि मुलांमध्ये थायरॉइड कर्करोग जास्त संख्येने आढळण्यामागे अतिसंवेदनशील सोनोग्राफी तपासणी हे कारण दिसते. दुर्घटनेच्या वेळी १८ वर्षे किंवा त्याहून लहान असलेल्यांपैकी सुमारे तीन लाख जणांची पहिल्या फेरीत तपासणी झाली होती. दुसरीकडे, थायरॉइड कर्करोग झालेल्या मुलांपैकी सहा जणांनी मोठे झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये टेप्कोविरुद्ध टोक्योच्या न्यायालयात दावा दाखल केला. समितीचा निष्कर्ष मला पुराव्याला धरून वाटतो; पण तो लोकसंख्येविषयीचा निष्कर्ष आहे, आणि एखाद्या व्यक्तीचा आजार कशामुळे झाला याचे उत्तर त्यातून मिळत नाही. या मुलांचे दुःख आकडेवारीच्या वादात कोणाच्याही बाजूने वापरू नये.

स्थलांतराची किंमतही आरोग्याच्याच पानावर लिहावी. फुकुशिमा प्रांतात भूकंप आणि त्सुनामीत जितके लोक थेट मरण पावले, त्यापेक्षा जास्त, म्हणजे २,३०० हून अधिक मृत्यू नंतरच्या हालअपेष्टांशी संबंधित म्हणून नोंदले गेले आहेत. त्यांत वृद्धांची संख्या फार मोठी आहे. काहींचा अंत तर रुग्णालयांतून घाईघाईने हलवताना बसमध्येच झाला.

पायरी ८: माणसे, न्यायालये आणि पैसा

विस्थापितांची संख्या २०१२ मध्ये १ लाख ६० हजारांच्या वर गेली होती. नंतर ती उतरत गेली, पण प्रत्येक कमी झालेला माणूस घरी परतला असे समजू नये. इतरत्र कायमचे घर घेतलेले लोक अनेकदा या गणनेतून गळतात. तसेच गावाची नोंदणीकृत लोकसंख्या आणि तेथे प्रत्यक्ष राहणारी लोकसंख्या हे दोन आकडे वेगळे आहेत. नाराहा गावावरील स्थलांतराचा आदेश सप्टेंबर २०१५ मध्ये उठला, इइताते आणि नामिएच्या मोठ्या भागांवरील मार्च २०१७ मध्ये, आणि फुताबात लोकांना राहायला परवानगी मिळाली ती थेट ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस. अकरा वर्षांनी उघडलेल्या गावात शाळा, दवाखाना, दुकान यांपैकी काय आहे, हे पाहिल्याशिवाय ‘गाव खुले झाले’ या मथळ्याचा अर्थ लागत नाही.

न्यायालयीन निकालांत दिवाणी, फौजदारी आणि भागधारकांचे दावे वेगळे ठेवावेत. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये नुकसानभरपाईसाठी सरकार जबाबदार नसल्याचा निर्णय दिला. पुढच्याच महिन्यात टोक्योच्या जिल्हा न्यायालयाने भागधारकांच्या दाव्यात टेप्कोच्या चार माजी अधिकाऱ्यांना १३ लाख कोटी येनहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. तो जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. फौजदारी खटल्यातील निर्दोषत्व मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने मात्र २०१२ मध्येच ही दुर्घटना मानवनिर्मित असल्याचे निःसंदिग्धपणे म्हटले होते.

पायरी ९: खळबळजनक बातमी आल्यावर

प्रशांत महासागरभर लाल-पिवळे पट्टे पसरलेला एक नकाशा वर्षानुवर्षे ‘फुकुशिमाच्या किरणोत्सर्गाचा नकाशा’ म्हणून फिरत आला आहे. तो त्सुनामीच्या लाटांची उंची दाखवणारा अमेरिकी नकाशा आहे, आणि मूळ चित्रातल्या रंगपट्टीवर सेंटिमीटर लिहिलेले आहेत. म्हणून चित्र आले की आधी एकक वाचावे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये क्रमांक २ च्या आत ताशी ५३० सिव्हर्ट असल्याची बातमी आली आणि ‘किरणोत्सर्ग विक्रमी पातळीवर वाढला’ असे मथळे झळकले. वाढले काहीच नव्हते. कॅमेरा पहिल्यांदाच इतक्या आत गेला होता. शिवाय तो आकडा मापकाने मोजलेला नव्हता, चित्रातल्या ठिपक्यांवरून काढलेला अंदाज होता, आणि त्याच वर्षी टेप्कोने तो कित्येक पटींनी खाली आणला.

मोठा भूकंप झाल्यावर वाचनाचा क्रम ठरलेला असावा: त्सुनामीचा इशारा आहे का, साठवण तलावांचे शीतकरण चालू आहे का, प्रकल्पाच्या सीमेवरील मोजमापे बदलली का, आणि त्यानंतरच्या दिवसांत पात्रांमधील पाण्याची पातळी उतरली का. फेब्रुवारी २०२१ मधील ७.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर क्रमांक १ आणि ३ मध्ये पातळी उतरल्याचे काही दिवसांनीच कळले. क्रमांक ३ मधले भूकंपमापक आधीपासून नादुरुस्त होते आणि ते दुरुस्त केलेले नव्हते, हेही तेव्हाच उघड झाले.

पहिल्या दिवशी जाहीर झालेला आकडा नेहमी तारखेसह आणि पेन्सिलीने लिहावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शुद्धीकरण यंत्रणेची सफाई करताना कामगारांच्या अंगावर उडालेले द्रव सुरुवातीला सुमारे १०० मिलिलिटर सांगितले गेले आणि नंतर ते काही लिटर निघाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका इमारतीतून गळलेले पाणी आधी साडेपाच टन सांगितले गेले आणि नंतर सुधारून दीड टन केले गेले. आकडे दोन्ही दिशांनी बदलतात. नवा आकडा आला की जुना खोडू नये. त्याच्याखाली नवा लिहावा आणि बदलाचे जे कारण दिले असेल ते शेजारी नोंदवावे.